आजीची ओळख करून दिलीत, त्याबद्दल

वसईच्या ताईंना,
स. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि पत्ताही नाही. माहेर वसईचं, सासर गोव्याचं, लंडनमध्ये नर्सची नोकरी आणि रजेच्या दिवशी नॅशनल गॅलरीत जाऊन बसायची सवय, एवढ्याच खुणा हाती आहेत. पण वसईकर जिथे जातील तिथे एकमेकांना धरून असतात. त्यामुळे फिरत फिरत हे तुमच्यापर्यंत पोचेल याची मला खात्री आहे.

आम्ही मुलीच्या बाळंतपणासाठी आलो होतो. म्हणजे बाळंतपणासाठी आमची ही आली होती, मी बॅगा उचलायला. जावयाने आम्हाला ट्रॅफल्गार स्क्वेअरला सोडलं आणि संध्याकाळपर्यंत फिरा म्हणाला. नोकरीभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस मी, त्यामुळे डोक्यात यादी पक्की होती आणि तिच्यात सगळ्यात वर व्हॅन गॉगची सूर्यफुलं. त्या मंद उजेडाच्या खोलीत शिरलो तो हिचे पाय दुखायला लागले म्हणून. समोर काळपट, तपकिरी कागदावरचं मोठं रेखाटन होतं. पाटी वाचून मी हिला सांगितलं, लिओनार्दो, मेरी, बाळ येशू, छोटा जॉन आणि सेंट अ‍ॅन, आणि नकाशात पुढचं दालन शोधायला लागलो. तेवढ्यात तुम्ही मागून म्हणालात, "काका, मराठी ना तुम्ही? अन्नाला नुसतं नाव घेऊन सोडू नका. मरियेची आई आहे ती."

परक्या देशात मराठी कानावर पडलं की माणूस थांबतोच. पण मी थांबलो तो तुमच्या वाक्यामुळे. माय-लेकराची चित्रं मी कमी पाहिलेली नाहीत. त्यात एक आजीही असू शकते हे मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग तुम्ही आम्हाला चार पावलं मागे नेलंत आणि म्हणालात, आता कोण कुणाकडे बघतंय तेवढंच बघा. अन्ना मरियेकडे बघतेय. मरिया बाळाकडे. बाळ आईच्या हातांतून पुढे झेपावून जॉनला आशीर्वाद देतंय. मरिया बसलीय ती अन्नाच्या मांडीवर, आणि दोघींच्या लुगड्यांच्या चुण्यांत कुठला गुडघा कुणाचा हे चटकन कळत नाही. दोघींची डोकी शेजारी शेजारी, जवळजवळ एकाच उंचीवर. वयही फारसं वेगळं दिसत नाही. अन्नाचे डोळे खोल आणि सावलीत, एवढाच फरक. (लिओनार्दोला जन्मदाती आणि सावत्र अशा दोन आया होत्या, म्हणून त्याने दोघी समवयस्क काढल्या, असा तर्क फ्रॉइडने १९१० मध्ये, याच विषयावरच्या त्याच्या रंगीत चित्राबद्दल, मांडला होता. मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. लेक आई झाली की दोघी एका वयाच्या दिसायला लागतात, हे कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत दिसतं.)

तेव्हा आमची ही जे बोलली ते तुम्हाला आठवत असेल. "आपल्याकडे दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात. ही बाई सायीकडे बघतच नाहीये, दुधाकडे बघतेय." तुम्ही हसलात. मी हसलो नाही, कारण ते वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं. घरी येणारा प्रत्येक जण पाळण्याकडे धावत होता. रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या मुलीला "तू जेवलीस का?" एवढं एकच माणूस विचारत होतं, आणि ते त्या घडीला तुमच्या शेजारी उभं होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन पुरुषाने हे कसं टिपलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं.

बायबलमध्ये अन्नाचं नावसुद्धा नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कुठे माहीत होतं! तिची कहाणी बायबलबाहेरच्या जुन्या ग्रंथांतून आलेली. अन्ना आणि योआकिम, उतारवयाला लागलेलं निपुत्रिक जोडपं, देवाकडे पदर पसरतं आणि मरिया जन्माला येते. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे नवसाचीच की." आणि तुम्ही थेट गोव्यात पोचलात. तिसवाडीतल्या तळावलीचं सांतानाचं, म्हणजे याच सेंट अ‍ॅनचं, देऊळ, जुलैअखेरीचं तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त, मूल व्हावं म्हणून सांतानापुढे तवसं ठेवणारी जोडपी, तुमच्या सासूबाईंनी ठेवलेलं तवसं. तुम्ही चर्चला सहज देऊळ म्हणालात ते ऐकायला गोड वाटलं. मराठीत मिस्सा ऐकत वाढलेल्या वसईकरांकडून असे शब्द सहज येतात.

गावी परतल्यावर थोडं वाचलं, तेव्हा कळलं की फ्लॉरेन्सचाही या आजीवर भारी जीव. १३४३ मध्ये तिच्या सणाच्या दिवशी, म्हणजे २६ जुलैला, तिथल्या लोकांनी अथेन्सचा ड्यूक म्हणवणाऱ्या जुलमी सत्ताधीशाला शहराबाहेर घालवलं. तेव्हापासून अन्ना म्हणजे त्या गावाची राखणदारीण. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा सोळाव्या शतकातला व्हासारी लिहितो की लिओनार्दोने फ्लॉरेन्समध्ये याच विषयाचं एक पूर्वरेखाटन पुरं केलं तेव्हा ते बघायला दोन दिवस बायका, पुरुष, म्हातारेकोतारे सणाला जावं तसे लोटले. ते रेखाटन वेगळं होतं आणि आज ते नाही. पण रंगाचा एक ठिपका नसलेल्या, कोळशाने काढलेल्या कागदासाठी अख्खं गाव लोटतं, हे वाचून ड्रॉइंग मास्तराची छाती फुगली नाही तरच नवल.

तुम्ही दाखवलेलं मात्र टिकलं. पुढे मोठं चित्र रंगवायचं म्हणून त्याच मापात केलेली ही तयारी. आठ कागद एकमेकांना चिकटवून केलेला साधारण १४१ बाय १०४ सेंटिमीटरचा ताव, त्यावर कोळसा आणि पांढरा खडू, काळ १५०० च्या आगेमागे. एरवी असे कागद वापरून संपायचे. रेषांवर टाचणीने भोकं पाडायची, त्यांतून कोळशाची पूड भिंतीवर किंवा फळीवर उतरवायची, आणि कागदाचं काम झालं. या कागदाला भोकं नाहीत, हे तुम्ही बोट दाखवून सांगितलंत. म्हणजे कुणीतरी तो आहे तसाच जपला. कदाचित त्याच्यापुढे कुणी हात जोडून उभंही राहिलं असेल. हा शेवटचा विचार माझा, तुमच्यावर ढकलत नाही.

आणि तो हात! अन्नाचं वर बोट करणारं मनगट. चेहऱ्यांवर सावली अशी उतरलीय की रेघ सापडत नाही, धुरासारखी विरते. आणि त्यांच्याच शेजारी हा हात नुसत्या बाह्यरेषेचा, कोरा, जणू आत्ताच आखलाय. पावलंही तशीच, अर्धवट. मी लगेच मास्तरकी केली, "अपुरं राहिलं वाटतं." तुम्ही म्हणालात, "अपुरं की पुरे, ते त्याने ठरवलं असेल ना, काका?" त्यावर मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलंय, ते लिहितो.

बर्नार्दिनो लुइनी नावाच्या लोंबार्दीच्या चित्रकाराने याच रेखाटनावरून रंगीत चित्र केलं, ते मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहालयात आहे. मी छापील प्रत पाहिली. त्याने सगळं पुरं केलंय. हात भरलाय, पावलं भरलीत, जागा होती म्हणून मरियेच्या नवऱ्याला, योसेफालाही उभं केलंय. काम कसबी आहे, पण चित्र गार पडलंय. सगळं सारख्याच निगुतीने रंगवल्यावर बघणाऱ्याने कुठे थांबायचं? लिओनार्दोने आपल्याला चेहऱ्यांपाशी थांबवलंय आणि तो कोरा हात नुसता वर जायला ठेवलाय. तेव्हा ताई, "पुरे" हे तुमचं बरोबर.

जाताना तुम्ही माझ्या नकाशाच्या कडेला एक क्रमांक लिहून दिलात, १८७५,०६१२.१७, आणि म्हणालात की हा ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर टाका, याची आई सापडेल. सापडली. वहीच्या पानाहूनही थोडा लहान कागद, त्यावर या रचनेची पहिली झटापट. पडद्यावर मोठं करत गेलो तर मधे चक्क काळा गोळा दिसतो. दोन बायका, मूल, गुडघे, डोकी, सगळं एकावर एक काढलंय. एक डोकं इकडे बघतंय, त्यावरच दुसरं तिकडे. खोडलेलं काहीच नाही. त्या गिचमिडीत त्याला स्वतःलाही दिसेना, तेव्हा त्याने टोकदार सळईने हव्या त्या रेषा दाबून काढल्या. त्या पाठच्या बाजूला उमटल्या, आणि तिथे रचना मोकळी झाली. त्याच्या टिपणांत चित्रकारांना सल्लाच आहे: कवी ओळी खोडतो, पुन्हा लिहितो, अक्षराच्या वळणाची फिकीर करत नाही, तसे तुम्हीही आधी माणसाच्या मनातली हालचाल पकडा, हातापायांच्या सुबकपणाचं नंतर बघा.

माझ्याकडे अजून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं येतात. ग्रेड परीक्षेत वस्तुचित्र म्हणजे घागर आणि दोन कांदे, आणि तिसऱ्या रेघेला "सर, खोडू का?" सुरू. मी त्या काळ्या गोळ्याची मोठी प्रत काढून भिंतीला लावलीय. एका मुलीने तिच्यासमोर बराच वेळ उभं राहून विचारलं, "सर, याला ए ग्रेड मिळाली असती?" मी खरं ते सांगितलं, नसती मिळाली. परीक्षेच्या कागदाला वेगळे नियम आहेत आणि मुलांना ते शिकवणं माझं काम आहे. पण आठवड्यातला एक तास आता बिनखोडरबरचा असतो, आणि त्या तासाला हमखास जास्त हजेरी असते.

आणखी एका गोष्टीबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत. काचेवर उजेड पडत होता म्हणून तुम्ही आम्हाला बाजूला सरकवलंत आणि मरियेच्या छातीपाशी बघायला सांगितलंत. १९८७ च्या जुलैत एका माणसाने कोटाखालून बंदूक काढून जवळून गोळी झाडली. काचेने छर्रे अडवले, पण फुटलेल्या काचेने कागद जवळपास सहा इंच फाडला. ब्रिटिश म्युझियमच्या एरिक हार्डिंग यांनी वर्षभराहून जास्त काळ खपून कागदाचे बारीक बारीक कपटे जागच्या जागी बसवले. आम्ही नाक काचेला लागेपर्यंत वाकलो (पहारेकऱ्याने घसा खाकरला), तरी मला सांधा दिसला नाही. ही म्हणाली, "टाके चांगले घातलेत." तुम्ही रोज जखमांवर पट्ट्या बांधणाऱ्या. तुम्ही त्या जागेकडे ज्या नजरेने बघत होतात, तसं मी कुठल्याच कलासमीक्षकाला बघताना पाहिलेलं नाही.

हा कागद देशाबाहेर विकला जाऊ नये म्हणून १९६२ मध्ये लोकांनी वर्गणी काढली होती, हे तुम्ही बाहेर पायऱ्यांवर सांगितलंत. तो तेव्हा रॉयल अकॅडमीच्या मालकीचा होता, अकॅडमीला पैशांची चणचण होती, किंमत ठरली आठ लाख पौंड. सरकारने वाटा उचलला, बाकी लोकांनी. त्या दिवसांत अडीच लाखांहून जास्त माणसं तो बघून गेली. पेटीत नाणी टाकणाऱ्या त्या अनोळखी लोकांचेही आभार मानायला हवेत. त्यांच्यामुळे तो तिथे, फुकटात, तुम्हाला रजेच्या दिवशी आणि आम्हाला पाय दुखल्यावर बघायला मिळाला. सूर्यफुलं राहिली ती राहिलीच. त्याची हळहळ नाही.

घरी सगळी खुशाल आहेत. मुलगी कामावर रुजू झाली. नात रांगते, आणि व्हिडिओ कॉल लागला की आमची ही अजूनही आधी, "तू जेवलीस का?" हेच विचारते.

यंदा जुलैत तळावलीला जायचं हिने ठरवलंय. नवस वगैरे काही नाही, नुसतं बघायला. तेव्हा एवढं सासूबाईंना विचारून कळवा, की तवसं घरून न्यायचं असतं की तिथे दारात मिळतं, आणि आमच्यासारख्यांनी ठेवलं तर चालतं का.

आपला,
सांगलीकडचा एक ड्रॉइंग मास्तर