माळ्यावरचा डालडाचा डबा

जळगाव, ४ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

आधी कामाचं. आई, स्लॅब गळतोय म्हणून माळा रिकामा करायला घेतलाय, असं परवा म्हणालीस. तिथे कोपऱ्यात डालडाचा जुना पिवळा डबा आहे, बाबांच्या दगडांचा. तो भंगारवाल्याला देऊ नकोस आणि दगड तुळशीच्या कुंडीतही टाकू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि माझा निरोप त्यांना देताना तू निम्मा गाळतेस.

नाताळच्या सुट्टीत आम्ही भोपाळला जाऊन आलो. सोबत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेव होतं, म्हणजे खंडव्यापर्यंत डबा रिकामा. इटारसी सोडून नर्मदा ओलांडली की घाट लागतो. तिथे मी खिडकी सोडली नाही, त्यामागे कारण होतं. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर असेच रेल्वेने चालले होते. लांबच्या टेकडीवरचे खडक पाहून त्यांना फ्रान्स-स्पेनमधल्या चित्रांच्या गुहा आठवल्या. पुढे ते तिथे चालत गेले आणि भीमबेटका जगाला कळलं. आपली मराठी माणसं माळव्यात किती काय करून गेली! मला मात्र खिडकीतून झाडंच दिसली.

भोपाळहून भीमबेटका पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. सातशेच्या वर खडकांचे आडोसे आहेत, पण पायवाट त्यातल्या मोजक्याच दाखवते आणि तेवढ्यानेच पाय बोलायला लागतात. आपल्यासारखा काळा पाषाण नाही तिथे, तांबूस वालुकाश्म आहे. पोटातून झिजलेला, वर छतासारखा पुढे आलेला. त्या छताखाली गेरूच्या लाल आणि पांढऱ्या रंगात हरणं, गवे, हत्ती, हातात हात घालून नाचणारी माणसं. काही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. एका भिंतीवर एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं. जुन्या जनावराच्या पोटातून नंतरचा घोडेस्वार गेलेला. ओवी म्हणाली, "यांना कोऱ्या भिंती कमी होत्या का?" तिच्या बाबांनी जे उत्तर दिलं ते त्यांनाही पटलं नसावं, कारण लगेच ते चप्पल शिवून घ्यायच्या गोष्टी बोलू लागले. अंगठा तुटला होता. अर्धी टेकडी ते एक पाय ओढत चालले.

पण डब्याची गोष्ट भीमबेटक्याची नाही. ती दुसऱ्या दिवशी, भोपाळच्या राज्य संग्रहालयात घडली. काचेच्या पेटीत दगडाची पाती मांडलेली. नखाएवढी, जास्तीत जास्त करंगळीच्या पेराएवढी. गारगोटी, अकीक, तांबडा जास्पर. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत अशी पाती ओळीने बसवायची, डिंकाने पक्की करायची, की झाला विळा किंवा बाण. एक पातं बोथट झालं तर तेवढंच काढून दुसरं लावायचं. आणि शेजारी ठेवला होता तो मूळ दगड, ज्यावरून ही पाती काढली जात. खाली निमुळता, वर सपाट, आणि चहूबाजूंनी वरून खाली उभ्या पट्ट्या सोललेल्या.

बाबा, तो आपला भोवरा!

तुम्हाला आठवतो का? पाटण्याच्या वाटेवरच्या शेतात, नाल्याच्या काठी सापडलेला. दादा आणि मी त्याला दोरी गुंडाळून ओट्यावर फिरवायचा प्रयत्न करायचो आणि तो मेला दर वेळी आडवा पडायचा. आणि एक लालसर पातं होतं, त्याच्या पाठीवरून दोन समांतर कडा गेलेल्या. तुम्ही त्याने युरियाच्या गोणीची सुतळी कापून दाखवली होती. आई मात्र दर वेळी दारातूनच म्हणायची, "हाई काय लई उनात?"

घरी आल्यावर मी वाचत बसले. आपल्या पाटण्यालाच १९७२-७३ मध्ये एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं होतं. जुन्या अश्मयुगातल्या थरांत दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि आडव्या-तिरक्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा! चाळीसगावच्या डोंगरापाशी शहामृग! कवच फोडायचं, दगडाच्या टोकाने भोक पाडायचं, कडा घासून गोल करायच्या, एवढा खटाटोप एका मण्यासाठी. नवरात्रात पाटणादेवीला आपण किती वेळा गेलो असू. नारळ फोडला, जेवलो, परत. आणि १९७२ म्हणजे तुमचं दुष्काळाचं साल ना? तुम्ही सुकडी खाऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, तेव्हा जवळच कुणीतरी त्याच उन्हात माती चाळून मणी वेचत होतं.

डब्यातलं सगळंच हत्यार असेल असं मी म्हणत नाही. नाल्याच्या लोंढ्यात आपटूनही गारगोटी फुटते. म्हणून जाणकाराला दाखवायचं. पण दगड कुठे मिळाला ते माहीत नसेल तर तोही फारसं सांगू शकत नाही. तेव्हा बाबा, कोणता नाल्यातला, कोणता बांधावरचा, कोणता विहीर खणताना निघाला, आठवेल तसं वहीत लिहून ठेवा. दगड घासूपुसू नका. आई, तू तर मुळीच नको. तुझी तारेची घासणी मला माहीत आहे.

संक्रांतीला दोन दिवस येतोय. ओवीला पाटणं दाखवायचं आहे. बाबांचा गुडघा ठीक असेल तर रिक्षाने मंदिरापर्यंत सगळेच जाऊ, नसेल तर शेतावरच बसू.

आणि तो भोवरा डब्यात आहे का, तेवढं आधी बघून कळवा. दादाला विचारलं तर म्हणतो, तूच विहिरीत टाकलास. मी टाकलेला नाही.

तुमची,
माई