भाषादोषाच्या निदानाला नेमका संकेतांक हवा

महोदय,

ऐकू नीट येते, बुद्धीही चांगली आहे, तरी ‘दप्तरातून वही काढ आणि बाईंना दे’ एवढे सांगितल्यावर दप्तर उघडून गोंधळून उभी राहणारी मुले आम्हा वाचा-उपचारतज्ज्ञांकडे नेहमी येतात. त्यांच्या केसपेपरवर मात्र पुष्कळदा ‘एफ ८०.९’, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’, एवढाच निदानाचा संकेतांक असतो. वास्तविक आयसीडी-१० मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, अभिव्यक्तीच्या दोषासाठी एफ ८०.१ आणि आकलनाच्या दोषासाठी एफ ८०.२ असे वेगळे संकेतांक आहेत. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ ने अशा मुलांच्या दोषाला, म्हणजे विकासात्मक भाषादोषाला, ६ए०१.२ हा स्वतंत्र संकेतांक दिला आहे. आकलनच कच्चे असलेल्या मुलाची ‘उशिरा बोलतो’ अशी बोळवण झाली, की उपचारांची दिशा चुकते आणि शाळा त्याला आळशी ठरवते, हे मला फार अन्यायाचे वाटते.

त्यातच दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या शारीरिक किंवा मज्जासंस्थेतील कारणांवर बेतलेली असल्याने, असे कारण न सापडणारी ही मुले प्रमाणपत्राच्या वेळी अडचणीत येतात. श्रवणचाचणी व भाषाचाचणीनंतरच नेमका संकेतांक नोंदवण्याच्या सूचना आरोग्य विभागाने रुग्णालयांना द्याव्यात आणि या व्याख्येचा केंद्राने फेरविचार करावा, ही विनंती.

— एक वाचा-उपचारतज्ज्ञ, पुणे