मुक्ततेची नोंद जुन्या बातमीवर व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना अलीकडे एक नवीच विचारणा कानी येते. निर्दोष सुटलेला पक्षकार निकालाची प्रमाणित प्रत हाती पडताच विचारतो, ‘साहेब, गूगलवरून हे कधी निघेल?’ पूर्वी स्थळाची चौकशी नात्यागोत्यात होत असे, आता मुलीच्या वडिलांचे नाव मोबाइलवर शोधले जाते. माझ्या एका पक्षकाराच्या मुलीचे ठरत आलेले लग्न त्याच्या अटकेच्या जुन्या बातमीमुळे मोडले. त्याच्या मुक्ततेची बातमी कोणीच दिलेली नव्हती.

युरोपीय संघाच्या न्यायालयाचा १३ मे २०१४ चा निकाल याच स्वरूपाच्या तक्रारीवर आहे. एका स्पॅनिश नागरिकाच्या थकबाकीपोटी झालेल्या लिलावाच्या, १९९८ मध्ये वृत्तपत्रात छापलेल्या नोटिसा, प्रकरण मिटून वर्षे लोटली तरी, त्याच्या नावाच्या शोधात पुढे येत होत्या. वृत्तपत्राविरुद्धची त्याची तक्रार तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने आधीच फेटाळली होती. नावाने शोध घेतला असता त्या नोटिसांचा दुवा दाखवू नये, एवढे बंधन गूगलसारख्या शोधयंत्रावर येऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. हा भेद मला मोलाचा वाटतो, कारण जुने अंक चाळणाऱ्या अभ्यासकाचे त्यात काहीच हिरावले जात नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम १२ मध्ये माहिती खोडून घेण्याचा अधिकार आहे खरा, पण तो जी माहिती वापरण्यास आपण आधी संमती दिली होती तिच्यापुरता. अटकेच्या बातमीला संमती कोण देतो? शिवाय कायद्याने जाहीर करणे बंधनकारक असलेली माहिती कलम ३ नुसार या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहते. न्यायालयांचे निर्णयही एकसारखे नाहीत. मुक्तता झालेल्या एका अर्जदाराला दिल्ली उच्च न्यायालयाकडून २०२१ मध्ये अंतरिम दिलासा मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या अशाच एका आदेशाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. तालुक्याच्या गावातील शिक्षकाने किंवा दुकानदाराने यासाठी उच्च न्यायालय गाठावे, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे.

कायदा स्पष्ट होईपर्यंत वृत्तपत्रांना मात्र बरेच काही करता येईल. निकालाची प्रमाणित प्रत सादर झाल्यास संकेतस्थळावरील मूळ बातमीच्या अगदी वर मुक्ततेची तारखेसह नोंद करावी, आणि संबंधित व्यक्ती सार्वजनिक पदावर नसेल तर ते पान शोधयंत्रांना न दिसण्याची तांत्रिक सोय करावी. बातमी संग्रहात तशीच राहू द्यावी. निवडणूक लढवणाऱ्यांना ही सवलत नको, त्यांच्यावरील खटल्यांची माहिती मिळणे हा मतदाराचा अधिकार आहे.

आपल्या संकेतस्थळासाठी असा अर्ज कोणाकडे आणि कोणत्या कागदपत्रांसह करावा, हे पहिल्या पानावर प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वकील, सातारा