मार्गशीर्षापासून रोज एक भगोणं: मोहल्ल्यातल्या कुत्र्यांच्या जेवणासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. आपल्या सुदामा नगरच्या मंडळातर्फे येत्या मार्गशीर्षापासून गल्लीतल्या कुत्र्यांसाठी रोज सकाळी एक मोठं भगोणं भरून साधं, बिनमिठाचं जेवण शिजवायचं ठरलंय, आणि त्यासाठी तांदूळ, भाजी, अंडी, गॅस, कामाला चार हात आणि एक-दोन गाड्या हव्यात. पैसेही लागतील, त्याचं खाली लिहिलंय. पण आधी हे नीट वाचा कारण मीटिंगमधे बऱ्याच जणांनी विचारलं की आम्ही तर रोज दारात काही ना काही घालतोच, मग वेगळं शिजवायचा खटाटोप कशाला.

कशाला ते सांगते. 2017 पासून आपलं इंदूर स्वच्छतेत पहिलं यायला लागलं, त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे आणि असायलाच हवा. कोपऱ्यावरच्या कचरापेट्या गेल्या, सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा करून आपण देऊन मोकळे होतो. पण ही कुत्री त्या पेट्यांवरच तर जगत होती ना! आता उकिरडा नाही, रात्री कोणी पत्रावळी बाहेर टाकत नाही, म्हणजे त्यांच्या पोटात जातं ते बरंचसं आपल्याच हातचं. पूर्वी आपण वाईटसाईट घातलं तरी इकडचं तिकडचं खाऊन भागत होतं, आता ते भागत नाही.

आणि आपण घालतो काय, तर सकाळचे उरलेले पोहे, त्यावर सेव, कांदा, जीरावन सगळं असतं, रात्रीची भाजी, ग्लुकोजची बिस्किटं, शिळी पोळी, रविवारी मटणाची हाडं. घालणाऱ्याची भावना चांगलीच असते, त्याबद्दल कोणाला बोल लावायचा नाही. पण कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी आहे, शिजवलेला असो, तळलेला असो की वाळवलेला, फरक पडत नाही. त्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की त्रास होऊ शकतो, म्हणजे आपल्या गल्लीतलं 15 किलोचं कुत्रं धरलं तर 75 ग्रॅम, एक मध्यम कांदा झाला. आणि हे लगेच दिसत नाही हो, दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल पडतं, हिरड्या पांढऱ्या दिसतात, लघवी लालसर होते, तोपर्यंत पोहे कोणाच्या लक्षात असतात?

तसाच बेदाणा. द्राक्षं आणि बेदाणे, मनुका यांनी कुत्र्यांची किडनी जाऊ शकते, आणि कितीने जाईल याचा भरवसा नाही, एखाद्याला थोडेसेही बाधतात. दत्त जयंतीला आपल्याकडे प्रसादाचा शिरा करतात, त्यात बेदाणे असतात, आणि दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्रे म्हणून त्या दिवशी मुद्दाम कुत्र्यांना तोच शिरा घालतात. श्रद्धा मोडायची नाहीच, उलट म्हणूनच आपण मार्गशीर्षात सुरुवात करतोय. त्या दिवशीचा नैवेद्य कुत्र्यांसाठी वेगळा काढा, बेदाणे आणि साखर न घालता, एवढंच म्हणणं आहे. चॉकलेट तर अजिबातच नको. शिजवलेली हाडं पण नकोत, शिजल्यावर ती ठिसूळ होतात, चावली की टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाटू शकतं.

आता थंडी सुरू झाली की पिल्लं दिसायला लागतात, दर वर्षीचं आहे. लोक प्रेमाने पिल्लांना वाटीभर गाईचं दूध ठेवतात आणि पिल्लांना जुलाब लागतात, एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे पाणी संपून जातं. पिल्लांना दूध त्यांच्या आईचंच हवं, म्हणून आईला खायला घाला. दूध पाजणाऱ्या कुत्रीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट, पिल्लं जास्त असली तर त्याहून जास्त अन्न लागतं. पाण्याच्या टाकीमागे एक काळी कुत्री व्यायली आहे, तिच्या बरगड्या मोजता येतात, तिच्यापासूनच सुरुवात करायची आहे.

भगोण्यात काय असेल ते सांगते म्हणजे कोणाला काय देता येईल ते समजेल. एका वेळचा अंदाज असा आहे की दोन किलो तांदूळ (कणी चालेल, उलट कणीच बरी, लवकर गळते), अर्धा किलो मुगाची नाहीतर मसुराची डाळ, दोन किलो लाल भोपळा आणि गाजर, चाळीस अंडी, दीड किलो बिनहाडाचं चिकन, आणि वरून थोडं तेल. शिजून साधारण बारा किलो होतं, पस्तीसेक कुत्र्यांना साडेतीनशे ग्रॅमच्या हिशेबाने एक वेळ होते. मीठ नाही, फोडणी नाही, तिखट नाही. भात अगदी गाळ शिजवायचा, भोपळा सालीसकट चालतो पण मऊ झाला पाहिजे, गाजर किसूनच टाकायचं, मोठे तुकडे जसेच्या तसे बाहेर पडतात. बरेच जण म्हणतात कुत्र्याला भात पचतच नाही, तसं नाहीये, माणसांबरोबर राहून राहून कुत्र्यांना पिष्ट पचवायची ताकद लांडग्यांपेक्षा चांगली आली आहे, फक्त नुसत्या भाताने होत नाही, त्याबरोबर प्रथिनं लागतात.

आणि कॅल्शियम लागतं, हे सगळ्यात जास्त राहून जातं. रानातलं जनावर शिकार हाडांसकट खातं, आपल्या खिचडीत हाड नाही, मग कॅल्शियम येणार कुठून? अंड्याच्या टरफलातून. टरफलं स्वच्छ धुवायची, आतली पातळ साल निघाली तर बरंच, दोन दिवस कडक उन्हात वाळवायची, मग तव्यावर मंद आचेवर कोरडी भाजायची, थंड झाली की मिक्सरमधे अगदी पिठासारखी बारीक करायची आणि मैद्याच्या चाळणीने चाळायची. बोटांत चोळून कचकच लागली नाही म्हणजे झालं. एक किलो जेवणाला एक लहान चमचा. रोजच्या चाळीस अंड्यांची टरफलं यासाठी पुरून उरतील, पण सुरुवातीला साठा हवा म्हणून घरोघरची टरफलं मागतोय.

आता अंड्या-चिकनचा प्रश्न. आपल्याकडे निम्म्याहून जास्त घरांत अंडंसुद्धा चालत नाही आणि ते मंडळाने मनापासून मान्य केलंय. त्यामुळे मंडळाच्या स्वयंपाकघरात काहीही शिजणार नाही. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे तिथे वेगळी भट्टी, वेगळी भांडी, वेगळे झारे. ज्यांना हात लावायचा नाही त्यांनी भाजी चिरून, तांदूळ-डाळ निवडून द्या, सोयाबीनच्या वड्या द्या, मालव्यात सोयाबीनची काय कमी, भिजवून दोनदा पिळून शिजवल्या की प्रथिनं चांगली मिळतात. एकादशीला फक्त वड्यांचं करू, कुत्र्यांची तक्रार नसते.

वाढायच्या जागेबद्दल जरा गंभीरपणे वाचा कारण वाद इथेच होतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सांगितलंय की खायला घालायची जागा आणि वेळ रहिवाशांच्या संस्थेने ठरवायची, मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारापासून लांब. ऑगस्ट 2025 मधे सुप्रीम कोर्टानेही वॉर्डावॉर्डात ठरलेल्या जागा करा आणि रस्त्यावर कुठेही घालू नका असं सांगितलंय. मंडळाने निगमला, म्हणजे महापालिकेला, जागेसाठी अर्ज दिलाय, जी जागा ठरेल तिथेच वाढायचं, गाडीतून जाता जाता कोणाच्या गेटसमोर ओतायचं नाही, ओतणाऱ्याचं पुण्य आणि शिव्या मात्र मंडळाला असं नको. स्टीलच्या परातींत वाढायचं, अर्ध्या तासात उचलायच्या, जागा धुवायची, उरलेलं ओल्या कचऱ्यात. शाळेच्या रिक्षा सुरू व्हायच्या आत सगळं आवरलेलं हवं.

ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते किंवा ज्यांच्या घरी कोणाला चावलंय, त्यांचा राग आम्हाला समजतो. त्यांना एवढंच सांगायचंय की ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येणारं कुत्रं ओळखीचं होतं, त्याला नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी पकडणं खूप सोपं जातं. भुकेलं, भटकणारं कुत्रं हाती लागत नाही. वाढणाऱ्यांनी रोज बघून लिहायचं की कोणाचे कान कापलेले आहेत, म्हणजे नसबंदी झालेली आहे, आणि कोण बाकी आहे. ही वही आम्ही निगमच्या टीमला देणार.

एक आणखी मदत हवी आहे, ती पैशापेक्षा मोठी आहे. आपली ही खिचडी म्हणजे काही परिपूर्ण आहार नव्हे. 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी घरी करायच्या 200 पाककृती तपासल्या तर 95 टक्क्यांत एक तरी गरजेचं पोषक द्रव्य कमी भरलं. मग आपण कोण मोठे लागून गेलो? महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे, आपल्यापैकी कोणाचा मुलगा, सून, भाचा तिथे शिकत किंवा शिकवत असेल, कोणी डॉक्टर ओळखीचे असतील तर एकदा येऊन भगोणं बघून सांगा काय वाढवायचं काय कमी करायचं. ज्यांच्या घरी पाळलेलं कुत्रं आहे त्यांनीही हीच खिचडी दोन्ही वेळा कायमची सुरू करू नका, त्याला डॉक्टरांना विचारूनच करा.

तर काय हवंय: मोठं जाड बुडाचं भगोणं (नवंच हवं असं नाही, लग्नकार्याचं पडून असलेलं चालेल), जुन्या स्टीलच्या पराती, कणी, डाळ, सोया वड्या. चोइथराम मंडीत ज्यांची रोजची खेप असते त्यांनी लाल भोपळा घाऊक भावात आणून दिला तर फार मोठं काम होईल, भोपळा टिकतो, आठवड्याचा एकदम घेता येतो. अंडी-चिकन आणि गॅसच्या टाकीसाठी पैसे लागतील, जमेल तेवढे द्या, महिन्याला ठरावीक दिलेत तर हिशेब बसवायला सोपं. पावती मिळेल आणि खर्चाचा कागद दर महिन्याला फलकावर लागेल. ॲक्टिव्हावरून डबे पोचवायला सकाळी सहाला दोघं हवेत, कॉलेजची पोरं आली तर उत्तमच. ज्यांना फक्त वाढदिवसाला किंवा आई-वडिलांच्या तिथीला एक दिवसाचं भगोणं द्यायचंय त्यांनी तारीख आधी सांगा, नाहीतर एकाच दिवशी तीन भगोणी आणि दुसऱ्या दिवशी काही नाही असं होतं.

सामान रोज संध्याकाळी पाच ते सात मंडळाच्या हॉलवर घेतलं जाईल. शिजवलेलं अन्न कृपया आणू नका, त्यात काय पडलंय ते आम्हाला कळत नाही. टरफलं मात्र आजपासूनच साठवायला लागा, धुऊन वाळवूनच डब्यात भरा, ओली ठेवली की वास येतो आणि मुंग्या लागतात.