कार्यक्रमाची बातमी आधी द्या

संपादक साहेब, नमस्कार. छोट्या शहरात कोणी नवीन धंदा सुरू केला, कुठे माणसं घेतायत, व्यापाऱ्यांची मीटिंग कधी आहे हे सगळं लोकल पेपरमध्येच कळतं, पण बहुतेक वेळा बातमी येते ती कार्यक्रम होऊन गेल्यावर, फीत कापतानाचा फोटो आणि खाली पाहुण्यांची लांबलचक नावं. परवा छोट्या उद्योगांच्या कर्जाची कागदपत्रं कशी करायची याच्या शिबिराची बातमी वाचली, मला नेमकं तेच हवं होतं आणि ते आदल्या दिवशीच संपलं होतं. फार वाईट वाटलं. आठवड्यातून एकदा छोटा कॉलम तरी द्या, तारीख, वेळ, जागा, फी आणि स्टॉल बुकिंगची शेवटची तारीख एवढं आलं तरी पुष्कळ झालं, नावं नंतर छापा की. आणि २७ जूनला सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये ठरवलेला, त्या निमित्ताने घरातून धंदा करणाऱ्या बायकांबद्दल पण लिहा, जाहिरातीला पैसे कुठून आणणार त्या?

– एक नियमित वाचक