तक्रार: २५ इंची गिटारला २४ इंची नेक

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार,

गेल्या महिन्यात तुमच्याकडून तीन तारांच्या सिगार बॉक्स गिटारचं, म्हणजे खोक्याला दांडा जोडून करायच्या गिटारचं, किट मागवलं, ३,८०० रुपये, सगळे आधीच भरले. पायझोची, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चकतीची, वायर तुटून आली होती, काही बोललो नाही, तपकीर गल्लीतून दुसरी चकती आणून घरीच सोल्डर केली. खोकं सीडरचं सांगून प्लायचं पाठवलंत, तेही सोडून दिलं. नेकचं, म्हणजे गिटारच्या दांड्याचं, मात्र सोडणार नाही.

तुमच्या कागदावर लिहिलंय की नटपासून (तारा टेकतात ती नेकच्या टोकाची पट्टी) ब्रिज (खोक्यावरची घोडी) २५ इंचांवर ठेवा, म्हणजे ६३५ मिमी. ठेवला. चार रविवार घालवून नेकवर तुम्ही पाडून दिलेल्या खाचांत एकेक फ्रेट, म्हणजे सतारीच्या पडद्यासारखी धातूची आडवी कांडी, ठोकली, टोकं कानशीने घासली, तारा चढवून जी-डी-जी लावल्या, म्हणजे आपल्या हिशोबाने सा-प-सा. मोकळ्या तारा इतक्या गोड वाजल्या की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग बाराव्या फ्रेटवर बोट ठेवलं. तिथे वरचा सा यायला पाहिजे. आईने पेटी काढली, दोनदा सूर धरून बघितला आणि म्हणाली, अरे हा सा पण नाही नी पण नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतोय.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून पट्टी घेऊन बसलो. बारावी फ्रेट तारेच्या बरोब्बर निम्म्यावर लागते, म्हणजे नटपासून ३१७.५ मिमी, तुमची आहे ३०५ वर. पहिली फ्रेट ६३५ भागिले १७.८१७ (हा फ्रेटचा ठरलेला भाजक) म्हणजे ३५.६ वर हवी, तुमची ३४.२ वर. गंमत म्हणजे खाचा एकमेकींच्या मानाने अगदी बरोबर आहेत, फक्त त्या २४ इंची गिटारच्या आहेत!

फोन केला तर एक जण म्हणाला ब्रिज इंचभर नटकडे सरकवा. अहो सरकवला असता की, पण झाकणाला तुम्हीच पाडून दिलेलं गोल भोक नेमकं तिथेच येतं, ब्रिज काय हवेत ठेवू? दुसऱ्या बाई म्हणाल्या, सर हँडमेड आहे, थोडं इकडेतिकडे व्हायचंच, तीच तर याची मजा. अमेरिकेत गरिबांनी टाकाऊ खोक्यांतून ही वाद्यं केली हे मलाही माहितीये, पण त्यातले बरेच जण फ्रेट बसवायचेच नाहीत, बाटलीचा गळा बोटात घालून तारेवर फिरवायचे आणि सूर कानाने शोधायचे. तुम्ही तर फ्रेटचे पैसे घेतलेत.

आणि आता म्हणे जोडलेलं किट परत घेत नाही, पॉलिसी आहे. अहो पण जोडल्याशिवाय ते बेसूर आहे हे कळणार कसं?

तर एक तर २५ इंची खाचांची नेक पाठवा, फ्रेट वायरसकट, कारण ठोकलेली उपटताना वाकते. नाहीतर बिनभोकाचं झाकण पाठवा, त्यावर मी २४ इंचांवर ब्रिज ठेवून भागवीन. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण पैसे परत. मोजमापाचे फोटो सोबत जोडलेत, पट्टी दिसते त्यात. आणि उत्तर मेलवरच द्या, फोनवर प्रत्येक वेळी नवीन माणूस असतो आणि फ्रेट म्हणजे काय हे मलाच विचारतो.

तुमचा एक ग्राहक,
नारायण पेठ, पुणे