अल्बम एलपीच्या आधीचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील ध्वनिमुद्रिकांवरचा लेख आवडला. मात्र अल्बमच्या खपाची क्रमवारी एलपी (लाँग प्ले, म्हणजे एकाच तबकडीवर बरीच गाणी मावणारी ध्वनिमुद्रिका) आल्यावर सुरू झाली, हे त्यातील विधान बरोबर नाही. एलपी बाजारात आली १९४८ मध्ये. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने लोकप्रिय अल्बमची पहिली यादी त्याआधीच, २४ मार्च १९४५ रोजी छापली होती. जागा फक्त पाच! पहिला क्रमांक ‘द किंग कोल ट्रायो’चा, म्हणजे अमेरिकी गायक-पियानोवादक नॅट किंग कोल यांच्या त्रिकुटाचा.

मग तेव्हा अल्बम म्हणजे काय? तर अक्षरशः अल्बम. फोटोंचा असतो तसा पुठ्ठ्याच्या बांधणीचा, आत कागदी खिसे आणि प्रत्येक खिशात ७८ गतीची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) एकेक तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. किंग कोल यांच्या संचात चार तबकड्या होत्या, म्हणजे गाणी आठ. लाखेच्या त्या तबकड्या हातातून पडल्या की संपल्या, आणि वजन तर विचारूच नका. (आमच्या माळ्यावरचे असे एक बाड मी नुकतेच खाली काढले, कंबर अजून बोलते आहे.) पुढे सगळी गाणी एकाच तबकडीवर मावू लागली, तरी नाव अल्बमच राहिले.

ब्रिटनमध्ये ‘रेकॉर्ड मिरर’ या संगीत साप्ताहिकाची अशी यादी यायला जुलै १९५६ उजाडले. तिथे पहिला मान अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा यांना मिळाला.

— एक वाचक, पुणे